नॅचरल पाहिजे की चांगला?

बारा वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका फोटो स्टुडिओत मला हा प्रश्न विचारला गेला. मी तेव्हा पंचविशीत होते आणि घरात माझा बायोडेटा तयार होत होता. स्टुडिओवाल्यानं पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली आणि कॅमेऱ्यामागून विचारलं, "ताई, नॅचरल पाहिजे की चांगला?" मी काही बोलायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या आईनं उत्तर दिलं, "चांगलाच काढा, भाऊ."

फोटो 'चांगला' आला. त्यातली मुलगी गव्हाळही नव्हती, गोरी होती. कपाळ, गाल, हनुवटी सगळं एकाच गुळगुळीत रंगात. नाकाच्या बाजूची लहानपणची खूण गायब होती. पुढच्या महिन्यात एक कुटुंब बघायला आलं. बौद्ध कुटुंब, मुलाचे वडील चळवळीतले, दाराशी आल्याबरोबर माझ्या वडिलांना कडकडीत 'जय भीम' घातला. मुलाच्या आईनं चहा घेताना एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पर्समधल्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटोत वेगळी दिसते." त्यांनी पुढे काही कळवलं नाही. माझं लग्न पुढे कसं जमलं हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो स्टुडिओतला प्रश्न. नैसर्गिक आणि चांगलं ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, एकाला द्यायचं तर दुसऱ्याला नाकारायचं, हे त्या फोटोवाल्याला कोणी शिकवलं? आणि आईला त्याचा अर्थ न समजावता कसा कळला?

हा प्रश्न परत माझ्यासमोर आला तो मागच्या वर्षी. या वेळी कॅमेरा माझ्याच हातात होता.

आमच्या विहारात एक छोटं वाचनालय आहे. तिथल्या भिंतीवर वस्तीतल्या अशा आजींचे फोटो लावायचे ठरलं, ज्या १४ ऑक्टोबर १९५६ ला लहान मुली म्हणून दीक्षाभूमीवर हजर होत्या. कोणी आईचं बोट धरून, कोणी बापाच्या खांद्यावर. शोधल्यावर अकराजणी सापडल्या. सगळ्या सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं म्हणणं आम्ही लिहून घेत होतो, फोटो माझ्याकडे आले. हे काम साधं नव्हतं. त्या दिवसाचे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. यांतल्या काहींच्या घरी त्यांचा स्वतंत्र असा एकही फोटो नव्हता. जो होता तो रेशनकार्डावरचा किंवा आधारचा. म्हणजे आम्ही काढू तोच फोटो उद्या त्यांची ओळख म्हणून राहणार होता.

फोन असताना कॅमेरा कशाला, असं कार्यकर्त्यांनी विचारलंच. कारण सरळ आहे. आजचे बरेचसे फोन चेहरा दिसला की न विचारता त्यावर हात फिरवतात. सुरकुती कमी करतात, रंग उजळतात. आमच्या संस्थेच्या कपाटात दहा-बारा वर्षांपूर्वीचा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा पडून होता. त्याच्या मेनूत शिरून काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं हे निदान आपल्याला ठरवता येतं, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण मी मेनूत शिरलेच नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी अकराला सगळ्याजणी विहारात आल्या, पांढरं लुगडं किंवा पांढरी साडी नेसून. मागे चुन्याची पांढरी भिंत. मी कॅमेरा ऑटोवर ठेवला आणि फोटो काढला. साडीचा पदर झक्क आला, भिंतही बरी आली आणि त्यामध्ये चेहऱ्याच्या जागी काळसर डाग. डोळे शोधावे लागत होते. मग फ्लॅश लावला. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडांवर पांढरे चट्टे उठले आणि बाकीचा चेहरा राखेसारखा झाला. तिसऱ्या वेळी कॅमेऱ्यावरचं चेहऱ्याचं चित्र असलेलं, पोर्ट्रेटचं बटण फिरवलं. या वेळी चेहरा उजळ आला, गुलाबीसर, मऊ. मला हायसं वाटलं. मी कॅमेऱ्याची पाठ फिरवून आजींना तो फोटो दाखवला.

भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या या आजी. १९५६ ला आठ वर्षांच्या होत्या. आईनं घरातलं एकुलतं एक धड लुगडं रात्री धुऊन चुलीजवळ वाळवलं आणि ते नेसून पहाटे निघाली, ही त्यांची आठवण. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोण होय वं?"

"तुम्हीच ना आजी."

"मी नाही होय हे. माह्यं गोंदण कुठं गेलं?" मग इतरजणींकडे वळून म्हणाल्या, "एवढी गोरी असती तं माह्या बापाला चार गावं फिरा लागली नसती."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं की त्यांच्या कपाळावरचे गोंदणाचे तीन ठिपके खरंच जवळपास पुसले गेले होते. कॅमेऱ्याच्या लेखी तो डाग होता. ज्या बाईची साक्ष नोंदवायला मी गेले होते तिच्या कपाळावरचं तिचं लहानपण मी पुसून आले होते. बारा वर्षांपूर्वी माझ्या नाकाजवळची खूण पुसणाऱ्या माणसानं निदान विचारलं तरी होतं. मी विचारलंही नव्हतं.

असं का झालं, हे समजून घ्यायला पाहिजे. कारण यात कुणा एकाचा दुष्टपणा नाही आणि म्हणूनच ते जास्त गंभीर आहे.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या गोष्टीवरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो एक गृहीत धरतो. समोरचं सगळं मिळून सरासरी काढली तर ती मध्यम करड्या रंगाची, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत पाठवणारी असेल. पांढरी साडी आणि पांढरी भिंत त्याहून कितीतरी जास्त उजेड परत पाठवतात. मापकाला वाटतं, उजेड फार झाला. तो चित्र गडद करतो. साडीचं काही बिघडत नाही, ती पांढरीच राहते. मधला सावळा चेहरा अंधारात जातो. सगळ्यांना एकच नियम, कुणावर अन्याय करण्याचा हेतू नाही आणि तरीही बुडतो तो एकाच प्रकारचा माणूस. ही रचना आपल्या ओळखीची वाटते की नाही?

आणि 'सरासरी' तरी कुणाची? रंगीत फोटोंच्या काळात कोडॅक कंपनी फोटो लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. अशा कार्डांना पुढे 'शर्ली कार्ड' हेच नाव पडलं. लॅबचं मशीन त्या बाईची कातडी बरोबर दिसेपर्यंत जुळवायचं आणि मग त्याच जुळणीवर साऱ्या जगाचे फोटो धुवायचे. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या कार्डांचा इतिहास मांडला. त्यात एक गोष्ट वाचून मी थबकले. गडद रंग नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीनं मनावर घेतली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर तयार करणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. जाहिरातीत चॉकलेटच्या छटा वेगळ्या दिसत नव्हत्या. काळ्या माणसाचा चेहरा दिसत नाही ही अडचण फार जुनी होती, पण दार उघडलं ते चॉकलेटसाठी. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं नमुन्याचं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. फ्रेंच दिग्दर्शक गोदार १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये काम करायला गेला, तेव्हा त्यानं कोडॅकची फिल्म वर्णद्वेषी आहे म्हणून वापरायला नकार दिला होता.

कॅमेरा सत्तेच्या हातात पडला की काय होतं, याचंही उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पासबुक बाळगावं लागे. त्यावरच्या फोटोंसाठी पोलरॉइडची यंत्रणा वापरली जात होती. १९७० मध्ये याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना ते कळलं आणि त्यांनी कंपनीविरुद्ध बहिष्काराची चळवळ उभी केली. नोकऱ्या गमावल्या, पण मागे हटले नाहीत. १९७७ मध्ये कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. हा धडा आपण लक्षात ठेवला पाहिजे. जेव्हा काळा चेहरा विकत घेणारा ग्राहक असतो तेव्हा यंत्र त्याला पाहू शकत नाही आणि जेव्हा त्याच्यावर पाळत ठेवायची असते तेव्हा मात्र यंत्राची सोय होते.

डिजिटल आलं म्हणून हे संपलं नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या देशात तर 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून घराघरात आहे. २०२० मध्ये कंपनीनं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. क्रीमच्या ट्यूबमधून जे चेहऱ्याला लावायचं ते आता कॅमेऱ्याच्या आत बसलं आहे. तिथे त्याला ब्यूटी म्हणतात, स्किन स्मूथ म्हणतात. ट्यूब निदान विकत आणावी लागायची.

तर माझी अडचण सुटली ती वस्तीतल्याच एका दादामुळे. लग्नाचे, नामकरणाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो काढून तो घर चालवतो. त्याला मी ते तिन्ही फोटो दाखवले. त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही मोजलं कशावर?" मी म्हटलं, चेहऱ्यावर. स्पॉट मीटरिंग वाचलं होतं मी, त्यामुळे नंतर तेही करून पाहिलं होतं. त्यात काळ्यासावळ्या आजी फिकट येत होत्या आणि अकरांतल्या एक बऱ्याच गोऱ्या आजी होत्या, त्या मळकट. कारण मापक प्रत्येकीला ओढून त्याच मधल्या करड्यापाशी नेत होता. तो म्हणाला, "चेहरा नका मोजू. उजेड मोजा." आणि पिशवीतून पोस्टकार्डापेक्षा जरा मोठं, करड्या रंगाचं एक कार्ड काढून दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही परत बसलो. या वेळी सकाळी आठला, विहाराच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, जिथे ऊन थेट पडत नाही पण समोरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड भरपूर येतो. खुर्ची निळ्या भिंतीपासून आठ-दहा फूट लांब घेतली. निळा आपला प्राण आहे, पण रंगवलेल्या भिंतीवरून परतणारा निळा उजेड गालावर पडला की सावळी कातडी मेल्यासारखी दिसते. एका बाजूला पांढरी चादर धरून दोन पोरं उभी केली, म्हणजे सावलीकडच्या गालालाही उजेड मिळेल. गडद कातडीचा घाट कळतो तो तिच्यावरच्या चमकेनं. उजेड मोठा आणि मऊ असला तर ही चमक गालावरून उतरत जाते. फ्लॅशसारखा छोटा आणि कडक असला तर तिचे चट्टे होतात. म्हणून फ्लॅश बंद.

मग मेनूत शिरले. पोर्ट्रेट मोड, ब्यूटी, स्किन स्मूथ, आपोआप उजळपणा वाढवणारा पर्याय आणि चेहरा ओळखणारा पर्याय बंद केले. रंगाच्या पर्यायात 'व्हिव्हिड' होतं, ते 'न्यूट्रल' केलं. व्हिव्हिडमध्ये सावळा रंग तांबडा-नारिंगी होतो. आयएसओ १०० वर. तो वाढवला की छोट्या सेन्सरवर चित्र खरखरीत येतं आणि ती खरखर घालवताना कॅमेरा सुरकुत्या आणि गोंदणही लिंपून टाकतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून 'कस्टम' केला आणि त्याच करड्या कार्डावर जुळवला. पांढऱ्या कागदावरही तो जुळवता येतो, पण झेरॉक्सच्या कागदाला बहुधा निळसर झाक असते, तिला पांढरं मानलं की चेहरे पिवळ्याकडे सरकतात.

शेवटी खरी गोष्ट. आजी खुर्चीत बसल्या की त्यांच्या चेहऱ्यापुढे, चेहऱ्यावर पडतो तोच उजेड पडेल असं कार्ड धरायचं. कॅमेरा स्पॉटवर ठेवून कार्डावर बटण अर्धं दाबायचं, म्हणजे माप आणि फोकस तिथेच पक्के होतात. बटण तसंच धरून ठेवायचं, कार्ड बाजूला घ्यायचं आणि मग पूर्ण दाबायचं. साडी पांढरी असो, भिंत पांढरी असो, चेहरा कसाही असो, मापकाला त्यातलं काही दिसतच नाही. त्याला फक्त एवढंच कळलेलं असतं की इथे, या घडीला, या माणसावर उजेड किती आहे. सर्वांत सावळ्या दोघींसाठी मी उजेडाची भरपाई प्लस एक तृतीयांश केली, डोळ्यांभोवतीचं बारीक दिसावं म्हणून. बाकी काही नाही.

अकरा फोटो आले, अकरा रंगांचे. कोणी जांभळीच्या सालीसारखी काळीभोर, कोणी ज्वारीच्या भाकरीसारखी, कोणी उन्हात राहिलेल्या तांब्यासारखी आणि त्या एक आजी गोऱ्याच, कारण त्या होत्याच गोऱ्या. नैसर्गिक रंग म्हणजे सावळा रंग असा माझा स्वतःचा एक छुपा समज होता, तोही त्या दिवशी गळाला.

आणि इथेच मला एम.ए.ला शिकलेला रिस्ले आठवला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले यानं लोकांची नाकं मोजली. नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर काढून जातींची उतरंड वंशावर उभी आहे असं सांगितलं. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात अशीच मोजमापं हाताशी घेऊन दाखवून दिलं की त्यावर विश्वास ठेवायचाच तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. जात रक्तात नाही, नाकात नाही, कातडीत नाही. ती माणसांनी केलेल्या व्यवस्थेत आहे. हे आपलं मूळ प्रतिपादन आहे. त्यामुळे 'तू एस.सी. वाटत नाहीस' असं कॉलेजात मला एक मैत्रीण कौतुकानं म्हणाली होती तेव्हा ती रिस्लेचीच भाषा बोलत होती. आणि आपल्यातले जे काळा रंग म्हणजे मूलनिवासी रक्ताचा पुरावा असं छाती फुगवून सांगतात, तेही हेतू चांगला असला तरी रिस्लेच्याच फूटपट्टीनं मोजत असतात.

चेहरा नका मोजू, उजेड मोजा. त्या दादानं फोटोग्राफीबद्दल सांगितलं, पण मला त्यात आपला सगळा वाद दिसला. एका परीक्षेला बसलेल्या दोन मुलांचे गुण मोजणारी व्यवस्था स्वतःला तटस्थ म्हणवते, कारण मापक सगळ्यांना एकच आहे. कुणाच्या घरात किती उजेड पडला, तीन पिढ्यांत किती पडला, हे ती मोजत नाही. मग एक चेहरा अंधारात गेला की म्हणते, चेहराच काळा होता, मेरिट नव्हतं. आरक्षण म्हणजे कुणाला कृत्रिम उजळवणं नव्हे. तो ब्यूटी मोड नाही. आधी उजेड मोजा आणि मग माणूस जसा आहे तसा दिसू द्या, एवढीच ती मागणी आहे.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवून हा लेख संपवला तर तो अर्धाच राहील. माझ्या आईला 'चांगला काढा' म्हणायला कुणी ब्राह्मण आला नव्हता. आपल्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांचे फॉर्म काढून बघा. जातीचा, गोत्राचा, पत्रिकेचा रकाना आपण काढला, अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण कित्येक फॉर्मांवर एक रकाना अजून आहे आणि त्याचं नाव आहे 'वर्ण'. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. 'काळा' हा पर्याय सहसा नसतोच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. जवळपास शंभर वर्षांनी आपल्याच मेळाव्यात आपली मुलगी वर्णाचा रकाना भरते आहे, आणि तो भरताना एक पायरी वर चढवून भरते आहे. शब्दाचे दोन अर्थ आहेत हे मला कळतं. पण दोन्ही अर्थांनी उतरंड एकच आहे, वरचा तो गोरा.

आणि उलट दिशेचं खोटंही आहे. सामाजिक कामात ते मी जवळून पाहिलं. एकदा आमच्या प्रकल्पाच्या अहवालासाठी मी बचत गटातल्या बायांचे फोटो पाठवले. स्वच्छ साड्या, तेल लावून बांधलेले केस, हसरे चेहरे. पैसा देणाऱ्यांकडून निरोप आला की या लाभार्थी वाटत नाहीत. मग कुणीतरी त्यांतला एक फोटो कृष्णधवल केला, गडद केला, सुरकुत्या ठळक केल्या, आणि तो मुखपृष्ठावर गेला. लग्नाच्या बाजारात आपल्याला गोरं करतात आणि दयेच्या बाजारात काळं. दोन्हीकडे आपण जसे आहोत तसे चालत नाही.

याला उत्तर देणारे पूर्वीही झाले. गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत जास्त फोटो काढला गेलेला अमेरिकन मानला जातो. त्याचे सुमारे १६० फोटो उपलब्ध आहेत. काळ्या माणसाची व्यंगचित्रं रंगवणाऱ्या देशाला तो आपला खरा चेहरा परत परत दाखवत राहिला. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ड्युबॉइस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांचे शेकडो फोटो अल्बममध्ये लावून ठेवले, सभ्य, सुशिक्षित, वेगवेगळ्या छटांचे. याच ड्युबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या निवेदनाच्या प्रती मागण्यासाठी. आपल्याकडे १९४२ च्या नागपूर अधिवेशनातल्या महिला प्रतिनिधींबरोबरचा बाबासाहेबांचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब चटकन दिसतात, बायांचे चेहरे शोधावे लागतात. तेव्हा साधनं नव्हती. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि तरीही आपण आपल्या आयांचे चेहरे पुसत असू, तर दोष कुणाला देणार?

म्हणून चळवळीतल्या फोटो काढणाऱ्या सगळ्या भावाबहिणींना काही साध्या गोष्टी सांगते. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, जयंतीला फोटो काढाल तेव्हा फोन असो की कॅमेरा, आधी ब्यूटी बंद करा. माणसाला भर उन्हातून सावलीच्या कडेला घ्या. करडं कार्ड बाळगा. ते महाग नसतं. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत कार्ड धरायला वेळ नसेल तर भरपाई प्लस दोन तृतीयांशवर ठेवा, साडी जरा भडक आली तरी चालेल, चेहरा आला पाहिजे. लॅबला देताना स्पष्ट सांगा की करेक्शन करू नका. मी सांगितलं नव्हतं, तर पहिल्या प्रिंटमध्ये ऑपरेटरनं अकराही जणींना एका छटेनं उजळून दिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना तेच आवडते." त्याला परत प्रिंट काढायला लावले. आणि शेवटी, फोटो त्या माणसाला दाखवा. तो मान्य करेपर्यंत काम संपलं असं समजू नका. हिस्टोग्राम वगैरे ठीक आहे. शेवटचा निवाडा ज्याचा चेहरा त्याचा.

मेळावे भरवणाऱ्या संस्थांना एकच विनंती. पुढच्या फॉर्मवरून 'वर्ण' हा रकाना काढून टाका. त्यासाठी सत्याग्रह लागत नाही, एक ओळ खोडायची आहे.

वाचनालयात फोटो लागले त्या दिवशी भंडाऱ्याच्या आजी नातवाचा हात धरून आल्या. आपल्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी श्वास धरून उभी होते. त्यांनी बोट वर करून कपाळावरचे तीन ठिपके मोजले, मग मान हलवली. "आता होय मी," म्हणाल्या. आणि दारातून बाहेर पडता पडता वळून, "पण पदर नीट घेऊ द्यायचा होता वं तू."

जय भीम!